स्त्रीचें नांव आणि छापील अक्षर

मराठी भाषेंत 'नांव' ह्या शब्दाभोवतीं जे वाक्प्रचार जमले आहेत त्यांचा कोणी बारकाईनें विचार केला तर आपल्या समाजाच्या इतिहासाचें एक प्रकरणच त्यांत लिहिलेलें आढळेल. मुलानें कुळाचें नांव काढावें अशी अपेक्षा असते. मुलीनें कुळाच्या नांवाला बट्टा लावूं नये, एवढीच असते. पुरुष चारचौघांत पुढें आला तर तो नांवारूपास आला. स्त्री चारचौघांत आली तर ती चव्हाट्यावर आली. बारशाच्या दिवशीं बाळाचें नांव ठेवतात. मोठेपणीं मात्र नांवें ठेवणें याचा अर्थ दोष देणें असा होतो, आणि हीं दुसऱ्या प्रकारचीं नांवें स्त्रीच्या वांट्याला अंमळ अधिकच येत आलीं आहेत. नांव घेणें हा तर स्त्रियांचाच प्रकार; पण तें नांव स्वतःचें नव्हे, पतीचें, आणि तेंही उखाण्याच्या आडोशानें घ्यावयाचें. आपलें नांव आपण उच्चारावें, आपल्याला काय येतें व आपण काय केलें हें अपरिचितांना सांगावें, यासाठीं आपल्या भाषेनें कुलस्त्रीच्या हातीं एकही सरळ शब्दप्रयोग दिलेला नाहीं.

ही गोष्ट आज आठवण्याचें कारण असें. सांप्रत नोकरी, वैद्यकी, वकिली, व्यापार यांपैकीं कोणत्याही क्षेत्रांत ज्याला उभें राहावयाचें आहे त्याला आपलें नांव, छायाचित्र, शिक्षण आणि केलेलें काम लिंक्डइनसारख्या सार्वजनिक फलकांवर मांडावें लागतें. पूर्वीं दवाखान्याच्या दारावरची पाटी व कोणा वजनदार गृहस्थाचें शिफारसपत्र जें काम करीत असे तेंच आतां हे फलक करितात. महाविद्यालयांत शिकविणाऱ्यांच्या नजरेस एक प्रकार वारंवार येतो. परीक्षेंत पहिल्या आलेल्या मुली ह्या फलकांपुढें येऊन थबकतात. छायाचित्राची जागा त्या रिकामी ठेवतात; जें काम एकटीनें केलें तें 'आम्हीं केलें' असें लिहितात; एखाद्या विषयावर मत मांडावयाचें तर चार वेळां लिहून पांचव्या वेळीं पुसून टाकतात. ह्याला कोणी विनय म्हणतात, कोणी स्त्रीस्वभाव म्हणतात. परंतु हा संकोच स्वभावतःच असता तर तो सर्व काळीं सारखा राहिला असता. इतिहास पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, तो विशिष्ट परिस्थितींत उत्पन्न झाला, विशिष्ट उपायांनीं सैल झाला आणि मधूनमधून पुन्हां घट्टही झाला. गेल्या पावणेदोनशें वर्षांत महाराष्ट्रांतील कांहीं स्त्रियांनीं आपलें नांव छापील अक्षरांत कसें आणलें, याचा मागोवा घेतल्यास हे उपाय कोणते होते तें कळण्यासारखें आहे.

प्रथम ज्या नांवाविषयीं बोलावयाचें तें किती अस्थिर होतें तें पाहूं. लग्नांत मुलीचें आडनांव तर बदलेच, पण पहिलें नांवही पुष्कळदां बदले. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुनाच. महर्षि कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई या पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, आणि घरांत बाया. शिवाय नांवापूर्वीं कु., सौ., गं. भा. असें कांहीं तरी अक्षर लागलें कीं बाईचा पतीशीं संबंध काय हें वाचकाला आधीं कळे, मग तिचें नांव कळे. पुरुषाच्या नांवापूर्वीं असा खुलासा करण्याची चाल कधींच नव्हती. ज्या नांवाचा पहिला शब्द दुसऱ्यानें बदलला, दुसरा शब्द दुसऱ्याचा, आणि मागचें अक्षरही दुसऱ्याशीं असलेल्या नात्याचें, त्या नांवावर कीर्ति उभारणें हें वाळूवर भिंत बांधण्यासारखेंच होतें.

अशा स्थितींत १८५४ सालीं सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह त्यांच्या नांवानिशीं छापला गेला, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र ही नांवाची धिटाई कागदावर प्रथम आली नाहीं. ती आधीं रस्त्यावर आली होती. १८४८ सालापासून सावित्रीबाई पुण्यांत मुलींना शिकवीत होत्या आणि शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर चिखल व शेण फेंकलें जाई, हें प्रसिद्ध आहे. सहा वर्षें ही वाट रोज चालल्यावर छापील पानावर नांव पाहून त्यांना भय वाटावें असें फारसें उरलें नसेल. पुढच्याच वर्षीं, १८५५ सालीं, फुले दांपत्याच्या शाळेंतील मुक्ता नांवाच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयींचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रांत दोन भागांत प्रसिद्ध झाला. मुक्ता साळवे मांग जातीची, वय चौदाच्या आसपास. तिचें दुसरें लेखन उपलब्ध नाहीं. तथापि तिच्या निबंधानें एक प्रश्न कायमचा उभा करून ठेवला आहे. वरच्या वर्गांतील स्त्रीला 'दिसूं नये' असा दंडक होता. पण मुक्ताच्या वर्गांतील स्त्रिया शेतांत, रस्त्यावर, दुसऱ्याच्या अंगणांत सदैव लोकांच्या डोळ्यांसमोरच होत्या. त्यांचें दिसणें कोणाला खटकत नव्हतें. त्यांचें बोलणें मात्र कोणीं ऐकलें नव्हतें. तेव्हां डोळ्यांना दिसणें आणि माणूस म्हणून ओळखलें जाणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें ह्या इतिहासाच्या आरंभींच ध्यानांत ठेविलें पाहिजे.

१८८२ हें वर्ष ह्या संबंधांत फार महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध पुण्यास छापविला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून १८८१ सालीं फांशीची शिक्षा झाली, ती पुढें सौम्य करण्यांत आली. त्या निमित्तानें वर्तमानपत्रांनीं सर्व स्त्रीजातीवर जी टीका चालविली ती वाचून ताराबाईंचा संताप झाला आणि त्यांनीं लेखणी उचलली. त्यांना सभेचा अनुभव नव्हता, मैत्रिणींचें मंडळ नव्हतें. संतापाच्या बळावर त्यांनीं स्वतःच्या नांवानें लिहिलें, आणि मुखपृष्ठावर तें नांव राहूं दिलें. पुस्तकावर गहजब उडाला. जोतीराव फुल्यांनीं १८८५ सालीं 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकांत त्यांची बाजू घेतली. पण तेवढ्यानें भागलें नाहीं. ताराबाईंचें त्यानंतरचें एकही पुस्तक आज उपलब्ध नाहीं. पुस्तकही विस्मृतींत गेलें, तें स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं पुन्हां प्रकाशित केलें. ज्या स्त्रीच्या लेखणींत एवढी धार होती ती एका पुस्तकानंतर गप्प झालेली दिसावी, याचा दोष तिच्या धैर्यावर टाकतां येणार नाहीं. धैर्य एकटीला पुस्तक छापण्यापर्यंत नेऊन पोंचवितें. त्यापुढचीं वीस वर्षें लिहीत राहण्यासाठीं वाचकांची सोबत लागते, आणि ती त्यांना मिळाली नाहीं.

त्याच वर्षीं पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. 'स्त्रीधर्मनीति' हें त्यांचें पुस्तक त्याच सालचें. हंटर कमिशनपुढें स्त्रीशिक्षणाविषयीं त्यांनीं साक्ष दिली तीही त्याच सालीं. आणि आर्य महिला समाज स्थापन झाला तोही तेव्हांच. ह्या तिहींपैकीं तिसऱ्या गोष्टीकडे इतिहासकारांचें लक्ष मानानें कमी जातें. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें तीच सर्वांत मोठी होय. रमाबाईंना स्वतःला ह्या समाजाची गरज नव्हती. लहानपणापासून त्या तीर्थक्षेत्रीं पुराणें सांगत हिंडलेल्या. कलकत्त्याच्या पंडितांसमोर त्यांनीं संस्कृतांत भाषण केलेलें. त्यांचा कंठ आधींच मोकळा झालेला होता. परंतु पुण्यांतील गृहिणींना दहा-पंधरा ओळखीच्या बायकांत बसून मोठ्यानें वाचणें, एखाद्या विषयावर चार वाक्यें बोलणें, दुसरीच्या बोलण्यावर शंका काढणें ह्याची संवय ह्या बैठकींनीं लाविली. पोहणाऱ्याला विहिरींत उतरण्यापूर्वीं पायरीवर बसून पाय भिजवूं द्यावेत, तसाच हा प्रकार.

ह्या पायरीवर बसलेल्यांपैकीं एक रमाबाई रानडे. त्यांच्या आठवणींत त्यांनीं आपल्या संकोचाचा इतिहास निःसंकोचपणें सांगितला आहे. नाशिकच्या शाळेंतील समारंभांत त्यांनीं जें पहिलें भाषण केलें तें न्यायमूर्तींनीं लिहून दिलें होतें. पुढें मुलींच्या हायस्कुलाची मागणी करण्यासाठीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढें इंग्रजी लेख वाचण्याचें काम त्यांच्याकडे आलें. तें हायस्कूल १८८४ सालीं सुरू झालें व पुढें हुजूरपागेची शाळा म्हणून नांवाजलें. परंतु घरीं परतल्यावर वडीलधाऱ्या बायकांनीं त्यांना धारेवर धरलें व त्यांच्याशीं बोलणें सोडलें. गव्हर्नरापुढें वाचतांना वाटणारी भीति एका तासाची होती. ही मूक शिक्षा रोज स्वयंपाकघरांत भोगावी लागत होती. बाहेरच्या टीकेपेक्षां घरचा अबोला स्त्रीला अधिक लवकर नमवितो, हें ज्यांना आपल्या घरांतील मुलीविषयीं आस्था आहे त्यांनीं विसरूं नये. रमाबाई नमल्या नाहींत याचें एक कारण पतीचा पाठिंबा हें खरें. पण दुसरें कारण असें कीं, त्या अबोल्याच्या दिवसांतही आठवड्यांतून एकदां त्यांच्याशीं बोलणाऱ्या बायकांची एक बैठक त्यांना उपलब्ध होती. पुढें १९०९ सालीं पुण्यास सेवासदन काढून त्यांनीं तीच सोय शेंकडों स्त्रियांना करून दिली.

आतां ज्या स्त्रीच्या चरित्रांत ह्या सर्व प्रश्नांचा पीळ एकत्र दिसतो तिच्याकडे वळूं. रखमाबाईचा जन्म १८६४ सालचा. अकराव्या वर्षीं तिचें लग्न दादाजी भिकाजी ह्याच्याशीं लागलें; ती मात्र आई जयंतीबाई व सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरींच राहिली व शिकली. १८८४ सालीं दादाजीनें पत्नीचा ताबा मिळावा म्हणून मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. १८८५ च्या जून व सप्टेंबर महिन्यांत 'टाइम्स ऑफ इंडिया' पत्रांत दोन पत्रें प्रसिद्ध झालीं, एक बालविवाहावर व एक सक्तीच्या वैधव्यावर. दोहोंखालीं लेखिकेनें केवळ 'एक हिंदु स्त्री' एवढीच सही केली होती. त्या पत्रांनीं मोठी खळबळ उडाली. लिहिणारी रखमाबाईच होती.

ह्या सहीचा अर्थ केवळ भीति असा करणें सोपें आहे, पण तें पुरेसें नाहीं. दावा चालू होता. ज्या न्यायाधीशांपुढें उभें राहावयाचें त्यांनीं आपलें पत्र वाचून काय समजावें, ही चिंता वाजवी होती. शिवाय 'एक हिंदु स्त्री' ह्या शब्दांनीं ती एका रखमाबाईचें गाऱ्हाणें न मांडतां सर्वांचें मांडीत होती. टोपणनांव हें तिनें पडद्यासारखें वापरलें नाहीं, ढालीसारखें वापरलें. १८८५ च्या सप्टेंबरांतच न्यायमूर्ति पिन्ही यांनीं निकाल तिच्या बाजूनें दिला. अपिलांत तो फिरला. आणि मार्च १८८७ मध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं एक तर नवऱ्याकडे जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जावें असा हुकूम केला. तुरुंग पत्करीन, असें तिनें सांगितलें. ह्या वेळेपर्यंत तिचें नांव प्रत्येक वर्तमानपत्रांत झळकत होतें. 'केसरी'नें तिच्यावर कडक टीका केली. स्त्रीला इंग्रजी शिकविल्याचें हें फळ, असें कित्येकांनीं म्हटलें. त्याच वर्षीं लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत तिचें पत्र प्रसिद्ध झालें, तें मात्र नांवानिशीं. १८८८ सालीं दोन हजार रुपये देऊन दावा आपसांत मिटला. १८८९ सालीं ती इंग्लंडांत वैद्यक शिकावयास गेली. १८९४ सालीं शिक्षण पुरें करून परत आली, आणि सुरतेस व नंतर राजकोटास तिनें सुमारें पस्तीस वर्षें स्त्रियांच्या रुग्णालयांत काम केलें. १९२९ सालीं पडदापद्धति बंद करण्याच्या आवश्यकतेवर तिचा लेख प्रसिद्ध झाला, त्यावर डॉक्टर रखमाबाई हेंच नांव होतें. १९५५ सालीं तिचा अंत झाला.

'एक हिंदु स्त्री' येथपासून 'डॉक्टर रखमाबाई' येथपर्यंतचें हें चव्वेचाळीस वर्षांचें अंतर कशानें कापलें गेलें? अर्धें अंतर तिच्यावर लादलेल्या प्रसिद्धीनें कापलें, हें कबूल केलें पाहिजे. खटल्यानें तिचें नांव तिच्या इच्छेविरुद्ध चव्हाट्यावर आणलें. पण लादलेली प्रसिद्धि आणि स्वतः मिळविलेली प्रतिष्ठा यांत जें अंतर राहतें तें तिनें व्यवसायानें कापलें. ज्या बाळंतिणीचा जीव वांचला तिच्या घरांत डॉक्टरीणबाईचें नांव कोणत्या खटल्यांत गाजलें होतें हें कोणी विचारीत नसे. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. तिनें आपल्या नांवाला ना दादाजीचें नांव जोडलें, ना आडनांव. ज्या एका शब्दावर सर्वांनीं दगड मारले तोच शब्द तिनें पाटीवर ठेविला.

तिच्याच पिढींतील आनंदीबाई जोशी यांच्याविषयीं मराठी वाचकाला नव्यानें सांगण्यासारखें थोडें आहे. तरी दोन प्रसंग ह्या विषयाशीं निगडित आहेत. पहिला १८८३ सालचा. वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस जाण्यापूर्वीं, बंगालमधील श्रीरामपूर येथील कॉलेजाच्या दिवाणखान्यांत त्यांनीं आपण कां जात आहों यावर इंग्रजींत भाषण केलें. तेव्हां त्यांचें वय अठरा वर्षेंही पुरें नव्हतें. लोकांत कुजबूज चाललीच होती. तिला उत्तर देण्यासाठीं त्यांनीं ते सर्व आक्षेप एकेक करून स्वतःच सभेपुढें मांडले आणि खोडून काढले. निंदा पाठीमागें चालूं देण्यापेक्षां ती समोर आणून बसविणें, हा एक उपाय त्यांनीं दाखवून दिला. दुसरा प्रसंग १० ऑक्टोबर १८८५ चा. त्या दिवशीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांत घेतलेलें एक छायाचित्र आज जगभर परिचित आहे. त्यांत आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लांबूली ह्या तिघी आपापल्या देशाच्या वेषांत बसल्या आहेत. आनंदीबाई लुगड्यांत आहेत. त्या काळीं अमेरिकेंत शिकावयास गेलेल्या बाईनें पोषाख बदलला असता तर कोणालाही नवल वाटलें नसतें. त्यांनीं तो बदलला नाहीं. व्यवसायांत दिसावयाचें तर परक्याच्या वेषांतच दिसलें पाहिजे असें नाहीं, हें तें चित्र आजही सांगतें. मात्र ह्या चरित्राची दुसरी बाजूही झांकून चालणार नाहीं. त्यांच्या शिक्षणाचा ध्यास मुळांत गोपाळरावांचा, आणि त्या ध्यासाची दिशा कित्येकदां मायेची नव्हे तर सक्तीची होती. पाठिंबा देणारा पुरुष जेव्हां स्त्रीच्या वतीनें निर्णयही घेऊं लागतो तेव्हां तिचें नांव गाजतें, पण तें कोणाच्या इच्छेनें गाजतें हा प्रश्न उरतोच. १८८६ च्या मार्चमध्यें पदवी आणि १८८७ च्या फेब्रुवारींत मृत्यु, इतकाच अवधि आनंदीबाईंना मिळाला. त्या प्रश्नाचें उत्तर देण्यास त्यांना वेळच मिळाला नाहीं.

आनंदीबाईंचें मराठी चरित्र लिहिलें तें काशीबाई कानिटकर यांनीं. लग्नानंतर स्वतःच्या चिकाटीनें लिहावयास-वाचावयास शिकलेल्या ह्या बाईनें पुढें कादंबरीही लिहिली. १८८९ सालीं मुंबईस काँग्रेसचें अधिवेशन भरलें तेव्हां ज्या थोड्या स्त्रिया उपस्थित होत्या त्यांत काशीबाई होत्या आणि पंडिता रमाबाईही होत्या. रमाबाईंनीं त्या वेळच्या सामाजिक परिषदेंत विधवांच्या केशवपनाविरुद्ध भाषण केलें. आपला आवाज मागपर्यंत पोंचत नसेल तर त्याचें कारण स्त्रियांचा आवाज मोठा होऊं न देणाऱ्या शतकांत शोधावें, अशा आशयाचा टोला त्यांनीं श्रोत्यांना दिल्याची आठवण सांगितली जाते. ह्या एका टोल्यांत प्रस्तुत लेखाचें सर्व प्रतिपादन आलेलें आहे.

ह्यानंतरच्या कालखंडांत स्त्रियांच्या आत्मचरित्रांच्या नांवांकडे पाहिलें तर एक मौजेचा क्रम दिसतो. रमाबाई रानड्यांचें पुस्तक १९१० सालचें, माधवरावांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनीं निघालेलें. त्याचें नांव 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी'. ह्या 'आमच्या'मध्यें माधवरावांना अग्रस्थान आहे. १९२८ सालीं पार्वतीबाई आठवले यांनीं आपल्या पुस्तकाला 'माझी कहाणी' असें नांव दिलें. १९३४ पासून लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' येऊं लागलीं. त्यांत लेखिका स्वतःला हंसते, नवऱ्यालाही हंसते, आणि वाचकाला आपल्या बाजूनें ओढून घेते. १९४४ सालीं आनंदीबाई कर्वे यांनीं 'माझे पुराण' लिहिलें. 'आमच्या'पासून 'माझी' येथपर्यंत येण्यास अठरा वर्षें लागलीं. सार्वजनिक क्षेत्रांतही पाऊल पुढें पडत होतें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच तानुबाई बिर्जे यांनीं 'दीनबंधु' पत्राचें संपादन हातीं घेतलें होतें. आणि 'पुरुषांचें बंड' हें नाटक लिहून खाडिलकरांच्या 'बायकांचें बंड' ह्या नाटकाला उत्तर देणाऱ्या गिरिजाबाई केळकर १९२८ सालीं नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या.

येथपर्यंत वाचून ही वाट सतत चढतीच होती अशी कोणाची समजूत झाली असेल, तर १९३३ साल तिला धक्का देईल. त्या वर्षीं 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर ह्या नांवानें निघाला. सुशिक्षित, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनांतील कोंडमारा त्यांत इतक्या उघडपणें सांगितला होता कीं, ही विभावरी कोण, बाई कीं बुवा, यावर महाराष्ट्रभर तर्क चालले आणि निंदेला ऊत आला. लिहिणाऱ्या होत्या बाळुताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर. ह्याच बाळुताईंनीं अलंकारशास्त्रावर व हिंदु व्यवहारधर्मशास्त्रावर जे ग्रंथ लिहिले, त्यांपैकीं दुसरा सहलेखकासह, ते मात्र आपल्या खऱ्या नांवानें. विद्वत्तेच्या ग्रंथावर स्त्रीचें नांव आतां खपत होतें, किंबहुना तें कौतुकाचा विषय झालें होतें. अनुभवाच्या ग्रंथावर तें अद्याप खपत नव्हतें. ताराबाईंनीं पन्नास वर्षांपूर्वीं खरें नांव दिलें आणि बाळुताईंनीं दिलें नाहीं, एवढ्यावरून बाळुताई भित्र्या ठरत नाहींत. अध्यापनावर उपजीविका करणाऱ्या बाईला आपल्या सहीची किंमत पगारांत मोजावी लागली असती. आणि विभावरीच्या आडून त्यांनीं जें लिहिलें तें वाचल्याविना पुढच्या लेखिकांना स्वतःच्या नांवानें लिहिणें सोपें झालें नसतें.

ह्याच मालिकेंतील एक अगदीं निराळें पुस्तक म्हणजे फलटणच्या बेबी कांबळे यांचें 'जिणं आमुचं'. तें १९८२ सालीं 'स्त्री' मासिकांतून क्रमशः आलें व १९८६ सालीं ग्रंथरूपानें निघालें. किराणा मालाच्या दुकानांत पुड्या बांधण्यासाठीं आलेले रद्दी कागद वाचतां-वाचतां बेबीताईंचें वाचन वाढलें, आणि लिहिलेले कागद घरच्यांच्या नजरेस पडूं नयेत म्हणून त्यांनीं ते सुमारें वीस वर्षें लपवून ठेविले, असें त्यांनीं स्वतः सांगितलें आहे. पंडिता रमाबाईंच्या भाषणानंतर नव्वद वर्षें उलटलीं तरी एका समर्थ लेखिकेला कागद लपवावे लागले. पुस्तकाच्या नांवांत पुन्हां 'आमुचं' आहे. पण हें 'आमुचं' पतीला पुढें करणारें नाहीं. त्यांत सारी महारवाडी बोलते. मुक्ता साळवे हिनें १८५५ सालीं जें अर्धवट सोडलें होतें तें येथें पुरें झालें, असें म्हणावयास हरकत नाहीं. तेव्हां 'आम्हीं' म्हणणें हें सर्वदा संकोचाचें लक्षण नव्हे. 'आम्हीं' म्हणतांना आपण स्वतःला लपवीत आहों कीं आपल्याबरोबर आणखी कोणाला उजेडांत आणीत आहों, एवढें मात्र प्रत्येकीनें स्वतःला विचारावें.

मराठी ग्रंथकारांचें पहिलें संमेलन १८७८ सालीं पुण्यास भरलें. त्याच्या अध्यक्षपदीं प्रथम स्त्री आली ती १९६१ सालीं, ग्वाल्हेरच्या संमेलनांत, कुसुमावती देशपांडे. त्यानंतर १९७५ सालीं कऱ्हाडास दुर्गा भागवत, १९९६ सालीं आळंदीस शान्ता शेळके, २००१ सालीं इंदूरला विजया राजाध्यक्ष, २०१९ सालीं यवतमाळला अरुणा ढेरे आणि २०२५ सालीं दिल्लीला तारा भवाळकर. दिल्लीचें संमेलन अठ्ठ्याण्णवावें होतें, तोंवर सहा. मराठींत उत्तम लिहिणाऱ्या स्त्रिया सहाच झाल्या असें कोणी म्हणणार नाहीं.

ह्या इतिहासावरून जें कांहीं निष्पन्न होतें तें असें. पहिली गोष्ट, ह्या स्त्रियांपैकीं बहुतेकींना आधीं आत्मविश्वास आला व मग त्या पुढें आल्या, असें झालेलें नाहीं. कामाची निकड, अन्यायाचा संताप किंवा हातांतलें कर्तव्य यांनीं त्यांना पुढें ढकललें, आणि आत्मविश्वास मागाहून चालत आला. म्हणून 'धीर आला म्हणजे नांव देईन' असें जी मुलगी म्हणते तिनें धीर येण्याची वाट पाहत बसूं नये. दुसरी गोष्ट, लहान व विश्वासाचें मंडळ ज्यांना लाभलें त्या दीर्घकाळ टिकल्या. ज्या एकट्या होत्या त्यांची एकच आरोळी इतिहासांत ऐकूं येते. तिसरी, टोपणनांव, लिहून दिलेलें भाषण, 'एक हिंदु स्त्री' अशी सही, हीं साधनें कमीपणाचीं नव्हेत. तीं पायऱ्या आहेत, त्यांवर घर मात्र करूं नये. आणि चौथी, नांवाला स्थैर्य शेवटीं कामानें येतें. रखमाबाईला खटल्यानें प्रसिद्धि दिली, पण सुरतेच्या रुग्णालयानें नांव दिलें.

हें सर्व मुलींना सांगण्यासारखें आहे. परंतु केवळ मुलींनाच सांगून भागणार नाहीं. आजच्या सार्वजनिक फलकांवर एखादी तरुण अभियंता किंवा वकील आपलें मत मांडते तेव्हां तिच्या विधानाचा विचार होण्यापूर्वीं तिच्या छायाचित्राविषयीं शेरे येतात, हें कोणालाही पाहतां येतें. आणि घरांतील वडीलधारी माणसें तिला विचारतात, हें लोकांत सांगण्याची काय गरज होती? शेरे मारणारे अपरिचित असतात. हा प्रश्न विचारणारे आपण असतों. रमाबाई रानड्यांच्या घरांतील अबोला आपल्या सुशिक्षित घरांतून अजून गेलेला नाहीं, त्याचे शब्द तेवढे सौम्य झाले आहेत. ज्या कुटुंबांत हें मासिक वाचलें जातें तेथें तरी मुलीनें आपल्या नांवानें लिहिलेलें चार जणांनीं मिळून वाचावें, चुकलें असेल तर चूक दाखवावी, बरें असेल तर नांव घेऊन बरें म्हणावें. ताराबाईंना १८८२ सालीं जे वाचक मिळाले नाहींत ते आजच्या मुलींना मिळवून देणें, एवढें तरी आपल्या हातचें आहे.